दिसत नसलेल्या भाच्यासाठी कीबोर्ड घ्यायचाय, कुठला घ्यावा?

मावशी_सांखळी

नमस्कार मंडळी. माझा भाचा १४ वर्षांचा आहे, जन्मापासून दिसत नाही. पेटी वाजवतो, चांगली वाजवतो, मावशी म्हणून नाही सांगत, गावच्या भजनी मंडळात आता मोठी माणसं त्याला बाजूला नाही, समोर बसवतात. आता त्याच्या डोक्यात कीबोर्ड शिरलाय. शाळेत कोणीतरी आणला होता त्यावर त्याने बासरीचा आवाज ऐकला आणि व्हायोलिनचा ऐकला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आणखी एक कारण म्हणजे रात्री आजोबा आठला झोपतात, पेटी वाजवायची सोय नाही, कीबोर्डला हेडफोन लागतो.

बजेट १५-१६ हजार, फारच चांगलं असेल तर १८ पर्यंत ओढू. महिन्यातून दोनदा कदंबाच्या बसने पणजीला शिकायला जातो, बरोबर कधी मी कधी त्याची आई, म्हणजे बसमध्ये एका हाताने उचलता यायला हवा.

मागच्या शनिवारी पणजीत एका दुकानात गेलो तर दुकानदाराने ४००-६०० आवाज आहेत एवढंच दहा वेळा सांगितलं. भाचा विचारतो ते आवाज मी बदलायचे कसे, तर म्हणे डिस्प्लेवर नाव येतं ना. पुढे काय बोलणार, घरी आलो.

ज्यांना दिसत नाही असे वाजवणारे नक्की कुठला वापरतात? कोणी वापरत असेल तर सांगा प्लीज.

रॉकी_पर्वरी

ताई, कॅसिओचा एलके-एस२५० बघा, त्यात कीज पेटतात, कुठली दाबायची ते लाईट दाखवतो, नवीन शिकणाऱ्यांना एकदम सोपा. माझ्या मुलीला घेतलाय. नाहीतर सारेगमचे स्टिकर मिळतात ऑनलाइन, ते कीजवर लावायचे.

पेटीवाला_म्हापसा

रॉकीभाऊ, मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे लाईटवाल्या कीबोर्डबद्दल माझं मत तुम्ही समजू शकता 😄 राग नाही हां, दुकानात मलाही तोच दाखवला होता. लाईटचे पैसे वेगळे जातात आणि उजेड पडतो तो बाकीच्यांसाठी.

ताई, फोनवर बोलून टाईप करतोय, शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, कीजची काळजी अजिबात करू नका. काळ्या दोन, काळ्या तीन, हे पेटीवर जसं तसंच इथे, बोटं आपोआप जागा घेतात. ६१ कीजचा बोर्ड पांढरी एकवर सुरू होतो आणि पांढरी एकवरच संपतो, मधला सा डावीकडून तिसरा. पाच मिनिटांत जमतं. स्टिकर तर कीजवर नकोच, बोट अडकतं, घाम आला की चिकटतं.

खरी लढाई वरच्या पट्टीवर आहे. आवाज बदलायला कंपन्यांनी तीन प्रकार ठेवलेत. एक म्हणजे गोल फिरणारा डायल, तो फिरतच राहतो, सुरुवात नाही शेवट नाही, आपण कुठे आहोत ते फक्त डिस्प्लेला माहीत. दुसरा टच. कॅसिओचा प्रिव्हिया पीएक्स-एस१००० दिसायला म्हणे फार सुंदर, सगळं पॅनल सपाट काचेसारखं, बंद केलं की बटणंच दिसत नाहीत. चालू असताना मलाही सापडत नाहीत! माझ्या एका मित्राने वाजवायला दिला होता, चुकून बोट लागलं आणि पियानोचं काहीतरी भलतंच झालं. तिसरा प्रकार आकड्यांची बटणं, ० ते ९, जुन्या फोनसारखी. आपल्याला हा तिसरा. तीन आकडे दाबले की आवाज हजर, डिस्प्ले गेला खड्ड्यात.

तुमच्या बजेटच्या आसपास अशी दोन मला माहीत आहेत, यामाहाचा पीएसआर-ई३७३ आणि कॅसिओचा सीटी-एक्स७००. दोन्हींना आकड्यांची बटणं आहेत, दोन्हींच्या कीज दाब ओळखतात, म्हणजे हळू दाबलं तर हळू वाजतं. हे पाहिजेच, नाहीतर पेटीवाल्याला चार दिवसांत कंटाळा येतो. मी पहिला वापरतो. सहाशेच्या वर आवाज आहेत त्यात, मला लागतात अकरा. बाकीचे असू देत बिचारे.

एक बटण आहे पोर्टेबल ग्रँड नावाचं, ते दाबलं की कुठेही भरकटला असाल तरी सरळ पियानोवर परत. ते पहिल्याच दिवशी दाखवा त्याला. दुसरं, प्लस आणि मायनस एकदम दाबले की चालू असलेली सेटिंग आपल्या मूळ आकड्यावर येते. ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी, वरखाली करून मोजणी विसरलो की हाच उपाय.

आवाजांची यादी कंपनीच्या साईटवर पीडीएफमध्ये असते, फोन वाचून दाखवतो. मी लागतील तेवढे नंबर ब्रेल पाटीवर कार्डावर काढून ठेवले, आता कार्डाची गरज नाही.

आणि ही चूक करू नका जी मी केली. यामाहाचा हा बोर्ड अर्धा तास हात लावला नाही तर स्वतःहून बंद होतो. मला माहीत नव्हतं. सप्ताहात कीर्तनकार निरूपणात रंगले, मी हात मांडीवर घेऊन ऐकत बसलो, मग अभंग सुरू झाला आणि मी दाबतोय तर काहीच नाही. दिसणाऱ्याला डिस्प्ले विझलेला दिसला असता. मी आधी वायर चाचपली, मग आवाजाचं बटण फिरवलं, मृदंगवाला बाजूने कुजबुजतोय वाजव वाजव, शेवटी पूर्ण अभंग टाळांवरच गेला. उपाय सोपा आहे, अगदी डावीकडची शेवटची की दाबून धरायची आणि तशीच धरून चालू करायचा, मग आपोआप बंद होणं थांबतं. न बघता करता येतं म्हणून मला आवडतं.

खुणा. बटणं सगळी एकसारखी असतात, त्यावर खूण लागते. बायको म्हणाली खड्याच्या टिकल्या लाव, लावल्या, मे महिन्यात घामाने सगळ्या माझ्या बोटांना. मग कपड्यावर रंगवायचा थ्रीडी आउटलायनर मिळतो ना ट्यूबमधला, त्याचा एकेक ठिपका दिला, रात्रभर वाळू दिला, तीन वर्षं झाली तसाच आहे. पण सगळ्या बटणांवर देऊ नका, मग सगळंच परत सारखं लागतं. मी चारच बटणांवर दिलेत: आकड्यातल्या ५ वर एक, स्टाईलच्या म्हणजे तयार ताल-साथीच्या बटणावर एक, ट्रान्सपोजसाठी फंक्शनवर एक, आणि पोर्टेबल ग्रँडवर दोन.

मावशी_सांखळी

पेटीवाला दादा, तुमचं सगळं भाच्याला वाचून दाखवलं, टाळांवरच गेला ऐकून तो दोन मिनिटं हसत होता. तो विचारतोय की मींड घेता येते का, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. आणि कॅसिओच्या सीटी-एस३०० चं नाव कोणीतरी शाळेत सांगितलं, तो हलका आहे म्हणे.

नाटक_ऑर्गन_फोंडा

मी जत्रेच्या नाटकांना वाजवतो, संगीत नाटकं, आणि रिपेरिंगही थोडंफार करतो म्हणून लिहितो.

सीटी-एस३०० खरंच हलका, ३.३ किलो, आणि वरच्या बाजूला बोर्डातच हँडल आहे म्हणजे बॅग नसली तरी बसमध्ये सुटकेससारखा धरून चढता येतो. ई३७३ साडेचार किलोच्या जरा वर, हँडल नाही, बॅग घ्यावीच लागणार. मींडेचं म्हणाल तर एस३०० ला डाव्या हाताला सूर वाकवायचं चाक आहे, ई३७३ ला नाही. हा फरक मोठा आहे, बासरी वाजवायची असेल तर चाकाशिवाय बासरी म्हणजे शिट्टी. पण सीटी-एस२०० म्हणून त्याचा लहान भाऊ आहे तो घेऊ नका, दिसायला जवळजवळ तसाच, त्याला चाकही नाही आणि दाबही कळत नाही. दुकानात नंबर नीट विचारा, आणि खोक्यावरचा नंबर मुलाला नाही, तुम्ही स्वतः वाचा.

दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. आमच्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, सेलवर चालणं ही चैन नाही. ॲडॉप्टरचं मात्र बघा. कॅसिओचा साडेनऊ व्होल्टचा, यामाहाचा बाराचा. घरात दोन कंपन्यांची वस्तू असेल तर मुलाच्या हाताला दोन्ही पिना सारख्याच लागतील. एकाच्या वायरीला पिनेजवळ रबरबँड गुंडाळून ठेवा, विषय संपला. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्यांत निदान तीन तरी चुकीच्या ॲडॉप्टरने गेलेले.

हेडफोनचंही तसंच, ई३७३ ला जाडा जॅक लागतो, एस३०० ला मोबाईलवाला बारीक. जाड्यासाठी कन्व्हर्टर शंभर रुपयांच्या आत मिळतो, पण तो कन्व्हर्टर बोर्डालाच लावून ठेवा, हेडफोनला लावला की हरवतो.

आता दमट हवा. कीजच्या खाली रबराच्या टोप्या असतात, त्यात कार्बनची काळी टिकली, ती खाली पट्टीला टेकली की सूर. प्रत्येक कीखाली अशा दोन, आधी एक टेकते मग दुसरी, मधला वेळ मोजून बोर्ड ठरवतो किती जोरात दाबलं. आमच्या हवेत त्यात धूळ आणि ओल बसली की एखादी की मध्येच मुकी होते नाहीतर हळू दाबली तरी ठणकन वाजते. दिसणारा माणूस म्हणतो असू दे, पण कानावर चालणाऱ्याला वाटतं आपलंच बोट चुकतंय. माझ्याकडे एक मुलगी यायची, तिने तीन महिने स्वतःला दोष दिला, उघडून बघितलं तर गंधारच्या टोपीखाली झुरळाची अंडी. कापडाने झाकून ठेवा, पावसात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. सेकंडहँड घेत असाल तर एकूण एक की हळू आणि जोरात वाजवून बघितल्याशिवाय पैसे काढू नका, हे काम भाचाच सगळ्यांत चांगलं करील.

सूर_काणकोण

मी शास्त्रीय शिकवते, माझ्याकडे दोन विद्यार्थी दृष्टिहीन आहेत. वरचं सगळं पटतं, एकच भर घालते. कीबोर्ड आला म्हणून पेटी अडगळीत टाकू नका. भात्याचा श्वास डाव्या हाताला शिकवतो, कीबोर्डवर डावा हात रिकामा पडतो आणि मुलं त्याने कॉर्ड दाबून स्टाईल लावतात, मग भजनाला ड्रमसेट. ऐकवत नाही मरे! रियाजच करायचा असेल तर यामाहाचा पीएसआर-आय५०० भारतीय बाजारासाठीच काढलाय, त्यात तबला-तानपुरा लावून रियाज करायची सोय आहे. तुमच्या बजेटमध्ये बसेल की नाही ते दुकानात विचारा.

आणि मुलाला ब्रेल येतं का? येत असेल तर ब्रेल संगीतलिपी जरूर दाखवा. लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, १८२९ च्या त्याच्या पहिल्या पुस्तकात शब्दांबरोबर संगीतही होतं. तेच सहा ठिपके. इंग्रजी ब्रेलमधलं डी अक्षर म्हणजे डो, ई म्हणजे रे, असं जे पर्यंत सात सूर. माझ्या विद्यार्थ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला म्हणजे माझं नाव वाजवता येईल का, आणि त्याने वाजवून बघितलं, भयंकर बेसूर लागलं.

कोणी घरी म्हणत असेल की याला पुढे काय करायचंय तर त्यांना गदगच्या पुट्टराज गवईंचं सांगा. काणकोणची सीमा ओलांडली की कर्नाटकच. दिसत नव्हतं, पेटीसह कितीतरी वाद्यं वाजवायचे, आणि वीरेश्वर पुण्याश्रमात त्यांच्या हाताखाली असंख्य अंध मुलं शिकली. २०१० साली पद्मभूषण.

कोडवाला_ताळगाव

एवढं सगळं करण्यापेक्षा एक मिडी कीबोर्ड घ्या आणि लॅपटॉपला लावा. एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर फुकट आहे, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला ओसारा नावाचं एक्स्टेन्शन जोडलं की सगळं बोलतं, ते एक्स्टेन्शनही फुकट. आयफोन असेल तर गॅरेजबँड हे संगीताचं ॲप व्हॉइसओव्हरवर, म्हणजे फोनच्याच स्क्रीन रीडरवर चालतं. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कीबोर्डवर तर नॉब फिरवला की कॉम्प्युटर बोलून सांगतो कुठला आहे. डिस्प्लेचा प्रश्नच मिटतो.

पेटीवाला_म्हापसा

कोडवाला साहेब बरोबर आहे, रेकॉर्डिंगसाठी मी पण रीपर-ओसाराच वापरतो. पण मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो हे ताईंना सांगा की. देवळात कीबोर्ड, लॅपटॉप, वायर, स्पीकर, आणि कानात एनव्हीडीए बडबडतोय आणि समोर बुवा अभंग उचलतायत, जमत नाही हो. दोन वर्षांनी मुलगा गाणी बांधायला लागला तर यामाहाच यूएसबीने कॉम्प्युटरला लागतो, तेव्हा बघू.

ताई, दुकानात परत जाल तेव्हा असं करा. दुकानदाराला बोर्ड चालू करायला सांगू नका. भाच्याला बंद बोर्डासमोर उभा करा आणि म्हणा चालू कर, आवाज वाढव, बासरी लाव, काळी चारवर ने, परत मूळ सुरावर आण. बटणं कुठे आहेत ते एकदाच हात धरून दाखवायचं. दुसऱ्यांदा स्वतः जमलं तो बोर्ड आपला. घाई करू नका, गर्दीच्या वेळी जाऊ नका, मंगळवार-बुधवारी सकाळी जा.

मावशी_सांखळी

आज मडगावला गेलो, दुसऱ्या दुकानात. सांगते काय झालं.

दुकानातला मुलगा आधी माझ्याशीच बोलत होता, ह्याला काय पाहिजे, हा किती वर्षं वाजवतो, भाचा शेजारी उभा. मी म्हटलं त्यालाच विचारा, तो पेटीवर तुमच्यापेक्षा जुना आहे. मग सुधारला बिचारा, खुर्ची आणून दिली.

तीन बोर्ड ठेवले. डायलवाला एक होता त्यावर भाच्याने बासरी शोधायला सुरुवात केली, डायल फिरवतोय, एक सूर वाजवतोय, परत फिरवतोय, ट्रम्पेट, गिटार, कसलातरी कुत्र्याचा आवाज, शेवटी हात काढून घेतला. एस३०० हातात उचलून दुकानात एक चक्कर मारली, खूश. चाक तर सोडायलाच तयार नाही, अर्धा तास तेच, ऐकून दुकानातले दोघं बाहेर आले. मग ई३७३. आकड्यांची बटणं त्याच्या बोटांना पहिल्या झटक्यात सापडली, वरून खाली मोजली, ५ कुठे ते विचारलं सुद्धा नाही. पोर्टेबल ग्रँड एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा स्वतः. दादांनी सांगितलेली परीक्षा पास, फक्त ट्रान्सपोजला दोनदा मदत लागली.

मग त्याचं आणि माझं भांडण. मी म्हणते हलका घे, बस आहे, आई दमते. तो म्हणतो आवाज मला सापडायला पाहिजेत, वजन मी उचलीन. मींड कशी घेणार विचारलं तर म्हणे मींड पेटीवर तरी कुठे आहे, तेवढं गळ्याने घेईन. घेतला ई३७३. बजेटच्या वर गेलो थोडे, बॅग आणि कन्व्हर्टर धरून, त्याच्या आजोबांनी घातले वरचे, झोपमोड वाचते म्हणून असेल.

संध्याकाळी मंडळात नेला. पहिल्याच अभंगाला बुवांनी सूर धरला आणि कीबोर्ड भलत्याच पट्टीत, दुकानात ट्रान्सपोज केलेला तसाच राहिलाय असं मला वाटलं, मी उठून डिस्प्ले बघायला निघाले तेवढ्यात त्याने कुठलीतरी दोन बटणं एकदम दाबली आणि बरोबर सुरात आला. नंतर कळलं की बसमध्ये बॅगेत चालू करून तोच खेळत होता.

सगळ्यांना देव बरे करूं. पेटीवाला दादा, फंक्शनच्या बटणात ट्रान्सपोजपर्यंत किती वेळा दाबायचं, तुम्ही मोजून ठेवलंय का? तो विचारतोय, आणि थ्रीडी आउटलायनर कुठल्या रंगाचा घेऊ असं मी विचारलं तर हसतोय नुसता.

पेटीवाला_म्हापसा

मोजलेलं आहे ताई, पूर्ण यादी आहे, रात्री जेवून झालं की बोलून रेकॉर्ड करतो आणि इथे टाकतो, त्यालाच ऐकू द्या. मोजणी चुकली तर बंद करून परत चालू करायचं आणि पहिल्यापासून मोजायचं, लाजायचं नाही.

रंग लाल घ्या. माझा म्हणे लाल आहे.